बारा ठोक्यांचा दरवाजा

"अर्ध्या तासाचं काम, बाई! तुम्ही चहाचं आधण ठेवा. उकळी फुटायच्या आत तुमची लिफ्ट वर जाऊन खाली आली नाही, तर दुकानाची पाटी उतरवून ठेवतो!"

असं अचूकराव बोलले, आणि तिथेच सगळं बिनसलं.

आता अचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या दुकानावर 'अचूक दुरुस्ती' अशी पाटी होती. उन्हापावसाने त्यातलं 'दुरुस्ती' उडून गेलं, 'अचूक' तेवढं उरलं, आणि मंडळी त्यांना त्याच नावाने हाक मारू लागली. रेडिओ असो, इस्त्री असो, कुणाचं ऐकायचं यंत्र असो, अचूकराव मान वाकडी करून त्यात डोकावत आणि म्हणत, "अर्ध्या तासाचं काम!"

ज्या बाईंना ते हे म्हणाले, त्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक. इमारत चार मजली, लिफ्ट एक, आणि ती नऊ दिवस बंद. तिला चालवणारी चिप जळून कोळसा झाली होती. चौथ्या मजल्यावरच्या अकरा म्हाताऱ्यांचे पाय नऊ दिवसांत जमिनीला लागले नव्हते. त्यांची ताटं वर जात, ताटं खाली येत, माणसं वरच. खिडकीतून खालचं अंगण बघायचं, आणि अंगणाने वर बघायचं, एवढंच नातं उरलं होतं.

आणि आज दुपारी तीनला तपासनीस येणार होते. लिफ्ट धड नसेल तर चौथा मजला बंद. अकरा जणांना जिथे जागा असेल तिथे पाठवायचं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या म्हाताऱ्यासाठी जागा सापडली होती ती बसने सहा तासांवर.

तो कोपऱ्यातला म्हातारा म्हणजे अचूकरावांचे वडील. अण्णा.

अण्णांनी चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली. शहराला उभ्याने बघितलं आणि मग गुडघ्यांनी संप केला. अचूकरावांचं घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. गेल्या वर्षी अण्णा एकतिसाव्या पायरीवर पडले. दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्वतःच्या बापाला लिफ्ट असलेल्या जागी नेऊन ठेवलं. रोज दुकान बंद करून ते येत, पंधरा मिनिटं खिडकीपाशी बसत. दोघंही फारसं बोलत नसत. सहा तासांवर गेल्यावर महिन्यातून एकदा येणं झालं असतं. मग दोन महिन्यांतून. मग…

या 'मग'च्या पुढे अचूकराव कधी जात नसत. तिथे त्यांचं डोकंच बंद पडायचं.

एरवी मात्र त्यांना या लिफ्टची काडीची भीती नव्हती. भीती कशाची? वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात असताना तिचा मेंदू त्यांनीच लिहिला होता! दरवाजा किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवायला तीन दिवस ते इथेच, तळमजल्यावर, घड्याळ घेऊन बसले होते. सगळ्यात संथ आजोबांना आत यायला लागले एकोणीस सेकंद. अचूकरावांनी त्यात पाच मिळवले. एक काठीसाठी, एक निसटलेल्या चपलेसाठी, एक मागे वळून बघायला, आणि दोन उगाच. असा तो चोवीस सेकंद उंबऱ्यावर उभं राहून वाट बघणारा दरवाजा होता.

आता गंमत अशी, की चिपला नुसतं थांबता येत नाही. लहान मूल जसं गप्प बसू शकत नाही, तशी ती. 'थांब' म्हणायचं असेल तर तिला रिकामी मोजणी द्यावी लागते. मोज, मोज, मोज, इतके लाख झाले की दरवाजा लाव! आणि मोजायची लय देतो तो शेजारी बसवलेला स्फटिक. त्याच्यावर 'बारा' लिहिलेलं असतं. म्हणजे सेकंदाला एक कोटी वीस लाख ठोके. छोटा, तांदळाएवढा जीव, पण नाडी बघाल तर घोड्याची!

तसली चिप आता मिळत नव्हती. सुट्या भागांच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, ती कंपनीनेच बंद केली. ही न्या. पायाला पाय जुळतो, जुना प्रोग्राम जसाच्या तसा चढतो. फक्त ही जरा चपळ आहे हं. सोबतचा कागद वाचून घ्या."

"चपळ?" अचूकराव हसले. "अगं पोरी, चपळाई स्फटिकाची असते, चिपची नाही! माझा स्फटिक बाराचा, तो बाराचाच राहणार. ठोके तेवढेच, तर वेळही तेवढीच. शिकून ठेव माझ्याकडून!"

"मग कागद नको?"

"पाहिजे तर! त्यात हे चार स्क्रू बांधून दे."

तिने बांधून दिले. अचूकरावांनी ती पुडी खिशात टाकली.

चिप बसली. स्फटिक जुनाच, ठणठणीत. लिफ्टने कण्हत डोळे उघडले. अचूकराव एकटेच आत शिरले, चारदा वर गेले, चारदा खाली आले. झकास! पण एक सवय नडली. मेकॅनिक मंडळी दरवाजा आपणहून लागायची वाट कधी बघत नाहीत. आत शिरलं की अंगठा पहिला 'दरवाजा बंद'च्या बटणावर! आठही फेऱ्यांत दरवाजाला स्वतःच्या मनाने वागायची संधीच मिळाली नाही. नव्या सुनेसारखा तो पाहुण्यांपुढे निमूट राहिला.

"झालं!" अचूकराव व्यवस्थापकबाईंच्या खोलीत शिरले. "कुठाय चहा?"

दुसरा कप संपत होता तेव्हा वरून पहिली आरोळी आली.

वर चौथ्या मजल्यावर अकरा जण नटूनथटून रांगेत उभे होते. नऊ दिवसांनी अंगण! सगळ्यांत पुढे लोकरआजी. त्या चालतानासुद्धा विणत. वॉकर चार पायांचा, त्या दोन पायांच्या, हातात दोन सुया, असं सहा पायांचं आणि दोन टोकांचं ते लटांबर. दरवाजा उघडला. आजींनी वॉकर उचलला, आत टेकवला—

खट्!

दरवाजाने वॉकरला चावा घेतला, घाबरून तोंड उघडलं, पुन्हा चावा घेतला, पुन्हा उघडलं. बोळक्या तोंडाने बिस्किट चघळावं तसं चाललं होतं. कडेला रबराची पट्टी होती म्हणून दुखलं खुपलं नाही कुणाला. पाचव्या चाव्याला आजी आत ढकलल्या गेल्या, लोकरीचा गुंडा बाहेरच राहिला, आणि दरवाजा लागला!

लिफ्टमध्ये एका गोड आवाजाच्या बाईंची ध्वनिमुद्रित सूचना होती. तिचं यंत्र वेगळं, तिची चाल जुनीच. ती बाई आपल्या सावकाशीने बोलत लिफ्टबरोबर खाली खाली गेली. "या, टेका जरा… सगळे आत आले का?… आम्हांला घाई नाहीऽऽ…"

वर लाल गुंडा फरशीवर बेडकासारख्या उड्या मारत राहिला. दहा म्हातारे तो बघत राहिले.

तळमजल्यावर दरवाजा उघडला. लोकरआजींनी वॉकर फिरवेपर्यंत लागला. वरून कुणी बटण दाबलं, वर आल्या. उघडला, लागला. खाली गेल्या. तीन फेऱ्या झाल्या, तरी आजींचं बाहेर पडणं होईना! आतून त्यांचा आवाज येई. त्यांना जुन्या चालीवर शब्द जुळवायची खोड होती, आणि संकटातच त्यांना ते जास्त सुचे:

"दारा रे दारा, थांब जरा घडीभर,
पाऊल माझं आत, जीव अजून उंबऱ्यावर…"

अचूकराव धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा कुणी रागावलेलं नव्हतं. तेच वाईट होतं. दहा जण भिंतीला टेकून शांत उभे होते. नवी चप्पल घातलेले एक आजोबा ती काढून हातात घेत होते.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "आता लिफ्टसुद्धा थांबत नाही आपल्यासाठी. चला खोलीत."

अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून मुलाकडे बघत होते.

"तूच बनवली होतीस ना रे ही? थांबणारी?"

अचूकरावांना फरशी दुभंगावी असं वाटलं. त्यांनी घड्याळ लावून दरवाजा मोजला. चोवीस सेकंदांच्या जागी दोन! बरोब्बर बारावा हिस्सा! खिशातली पुडी त्यांनी घाईघाईने सोडली, स्क्रू चार दिशांना पळाले, आणि चुरगळलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलेलं सापडलं: जुनी चिप बारा ठोक्यांत एक काम करते. ही प्रत्येक ठोक्याला एक.

म्हणजे असं, की अण्णा एक घास बारा वेळा चावत आणि मग गिळत. जुनी चिप अण्णांसारखी. नवी आली ती तरण्या पोरासारखी, एक चावा, एक घास, वाढा अजून! ठोके तेवढेच होते. अचूकरावांनी आयुष्यभर ठोके मोजले. एका घासाला ठोके किती हे विचारायचंच राहून गेलं.

"अण्णा, मोजायचा आकडा बारापट करायला हवा. पण चिप लिहायचं यंत्र दुकानात आहे. जाऊन येऊन तास लागेल—"

"किती वाजले?"

"अडीच."

खाली अंगणात गाडीचा दरवाजा वाजला. काही माणसांना वेळेआधी पोचायचा रोग असतो. तपासनीस त्यातले होते!

अचूकराव पायरीवर मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे सहा तासांचा रस्ता दिसायला लागला, आणि त्याच्या टोकाला एक अनोळखी खिडकी.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "हिच्यात दरवाजा उघडा ठेवायचं बटण असेल ना?"

"आहे. दाबून धरावं लागतं."

"मग चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

लिफ्ट लोकरआजींना घेऊन पुन्हा वर आली. दरवाजा उघडला. अण्णांचे गुडघे गेले होते, पण चालत्या गाडीत चढायची रीत हाडांत मुरलेली होती. आधी काठी आत गेली, तिचं टोक नेमकं बटणावर टेकलं, मग हात दांडीवर, मग डावं पाऊल. दरवाजा जिथल्या तिथे थबकला. काठीच्या जागी अंगठा आला. अण्णांची पाठ सरळ झाली. वर्षभरात ती सरळ झालेली कुणी पाहिली नव्हती.

"आजी, तुम्ही कोपऱ्यात! बसून घ्या! सुया आत घ्या, कुणाच्या डोळ्यात जातील!"

ते खाली पोचले. अचूकरावही जिन्यावरून गडगडत पोचले. तपासनीस हातात फाईल, गळ्यात दाबलं की थांबणारं घड्याळ आणि चेहऱ्यावर सोमवार घेऊन उभे होते. मागे व्यवस्थापकबाई, रंग उडालेल्या.

"या साहेब, आत या! पुढे सरका, पुढे मोकळं आहे!" अण्णा म्हणाले.

तपासनिसांनी आत पाय ठेवला, घड्याळ चालू केलं. दहा सेकंद. वीस. तीस. दरवाजा देवळातल्या खांबासारखा अचल.

"चांगला थांबतो," तपासनीस म्हणाले. "आपोआप किती वेळ उघडा राहतो हा?"

अण्णांना कंडक्टरकीत सगळं जमलं, खोटं बोलणं तेवढं जमलं नाही.

"मी म्हणेन तितका."

तपासनिसांची नजर भिंतीवरून सरकत अंगठ्यापाशी आली. "अंगठा काढा."

अण्णांनी बाहेर उभ्या मुलाकडे बघितलं.

"काढा अण्णा," अचूकराव म्हणाले.

खट्! तपासनिसांच्या फाईलचं शेवटचं पान दारात अडकून फाटलं, आणि लिफ्ट निघाली. त्यातच तोल सावरायला लोकरआजींनी हात टेकला तो नेमका बटणांच्या रांगेवर. सगळे मजले पेटले!

अचूकराव जिन्याकडे धावले. काय करणार होते पोचून? ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण बाप वर चाललाय आणि आपण खाली, हे बघवेना.

पहिला मजला. दरवाजा उघडला. तपासनीस ओरडत होते, "दोन सेकंद! अहो, दोन सेकंदांत माझी मांजरसुद्धा—"

खट्!

दुसरा मजला. अचूकराव कठड्याला धरून लोंबकळत पोचले. "साहेब! चूक माझी आहे! चिप बारा ठोक्यांची होती, मी कागद—"

खट्!

तिसरा मजला. आता त्यांना बोलता येत नव्हतं, नुसती शीळ वाजत होती छातीत. दरवाजा उघडला. आत अण्णा तपासनिसांना सांगत होते, "…माझाच मुलगा आहे हो तो. हुशार आहे, फक्त—"

खट्!

अचूकराव तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसले. उठवेना. फक्त काय? फक्त उतावळा आहे? फक्त बोलत नाही? फक्त रोज पंधराच मिनिटं येतो? त्या दोन सेकंदांनी नेमका कुठे कात्रीचा घाव घातला होता! जिन्याच्या भिंतीवर दमट डाग होते. त्यांच्याकडे बघत ते थोडा वेळ बसून राहिले. घाई कशाची आता?

वर पोचले तर दरवाजा उघडा होता. उघडाच होता.

अण्णांचा अंगठा बटणावर परत आला होता. खोल्यांकडे वळलेले म्हातारे मागे फिरून एकेक करून आत येत होते. चपला हातात घेतलेल्या आजोबांनी त्या पुन्हा घालायला घेतल्या होत्या, उंबऱ्यावरच, आणि त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. तपासनीस कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. त्यांच्या हातात लोकरीचा गुंडा होता आणि त्यांच्याभोवती दोन वेढे.

"बास! जागा नाही!" अण्णा पाच जण आत आल्यावर गरजले. "मागून रिकामी येतेय!"

"मागून कुठली येतेय?" चपलावाले आजोबा म्हणाले. "एकच तर लिफ्ट आहे."

"तेच सांगतोय! हीच येतेय!"

कुणीतरी हसलं. नऊ दिवसांनी त्या मजल्यावर कुणीतरी हसलं. तपासनिसांनी घड्याळाकडे बघितलं, एक्केचाळीस सेकंद झाले होते. त्यांनी ते न थांबवताच खिशात टाकलं.

तासाभराने शेरा लिहिला गेला. 'दरवाजा सदोष. दुरुस्त होईपर्यंत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा लिफ्टमन आवश्यक. या अटीवर चौथा मजला चालू ठेवण्यास हरकत नाही.'

"लिफ्टमन आता कुठून आणू मी?" व्यवस्थापकबाई म्हणाल्या.

तपासनिसांनी पेनाचं टोपण लावत नुसती हनुवटी उचलली. अण्णा लिफ्टमध्ये बसायला स्टूल मागत होते, आणि आणून दिलेलं स्टूल डुगडुगतं म्हणून परत पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अचूकराव आले ते छाती काढून. रात्रीची झोप वाईट गेली होती, पण तसलीच दुसरी चिप आणून सुधारून लिहिली होती. आकडा बारापट! दुकानात चोवीस सेकंद मोजून बघितले, एकदा नव्हे, दहादा. आणि या खेपेला 'दरवाजा बंद'चं बटण न दाबता!

लिफ्टचा दरवाजा उघडला. आत अण्णा. दाढी केलेली. वर्षभर आठवड्यातून एकदा कशीबशी उरकायचे ते, आज गाल कोऱ्या पाटीसारखा.

"अण्णा, उठा जरा. पाच मिनिटांचं काम आहे. दरवाजा पहिल्यासारखा करून देतो."

"पहिल्यासारखा? म्हणजे स्वतःच थांबेल तो?"

"स्वतःच!"

अण्णांनी अंगठा बटणावर आणखी घट्ट दाबला.

"मग मी काय करू?"

अचूकरावांनी चिप मुठीत धरली. व्यवस्थापकबाई मागे येऊन उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "शेऱ्यात 'दुरुस्त होईपर्यंत' असं आहे हो. दुरुस्त झाला की लिफ्टमन ठेवता येणार नाही मला."

"हात लावलास चिपला," अण्णा म्हणाले, "तर पुढच्या थांब्यावर उतरवीन!"

तेव्हापासून अचूकराव दुकान तासभर आधी बंद करतात आणि सहाच्या आत पोचतात. खिडकीपाशी बसणं गेलं. अण्णांना वेळ नसतो. अचूकराव लिफ्टमध्येच उभे राहतात, पंधरा मिनिटं वर-खाली करतात. दोन मजल्यांमध्ये बापलेकांचं एखादं वाक्य होतं, मग कुणीतरी चढतं. शेजारी बसून गप्प राहणं बरं होतं की उभं राहून तुटक बोलणं बरं, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नाही. फक्त 'फक्त'च्या पुढे काय होतं, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. विचारणार असतात, तेवढ्यात मजला येतो.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला व्यवस्थापकबाई देखभालीची वही पुढे करतात. तपासनिसांकडे पाठवायची असते. ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी त्या लिफ्टचा मेंदू लिहिला, तो माणूस इकडेतिकडे बघत, वही भिंतीला टेकवून, स्वतःच्या हाताने लिहितो: 'दरवाजा अजून घाई करतो. पुष्कळ प्रयत्न केला. कारण समजत नाही.'

खाली सही.

या महिन्यात अण्णांनी वही मागून घेतली. चष्मा लावून नोंद दोनदा वाचली, आणि मग आत उभ्या पाचही उतारूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"बघा! शेवटी कबूल केलं!"